‘जर्मनीतलं ते औषध आमच्या मुलीला मिळेल का?’

ताई,
माझी मुलगी चार वर्षांची आहे. दीड वर्षाची होईपर्यंत ती भिंतीला धरून चालायची. एकदा मोठा ताप आला आणि त्यानंतर ती उभी राहीनाशी झाली. आता मान नीट धरत नाही, घास गिळताना ठसका लागतो. एमआरआय आणि जनुक तपासणी झाली. ‘ली सिंड्रोम’ असं निदान आहे आणि रिपोर्टमध्ये सर्फ१ हे जनुक लिहिलं आहे. डॉक्टर म्हणाले, यावर औषध नाही. माझे दीर जर्मनीत नोकरीला आहेत. त्यांनी बातमी पाठवली की तिकडच्या शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत मेंदू वाढवला आणि त्यावर या आजाराची औषधं शोधली. त्यातलं एक म्हणे व्हायग्रा! ते तर आमच्या तालुक्याच्या मेडिकलमध्येही मिळतं. यजमान म्हणतात, दोन एकर विकू आणि हिला जर्मनीला नेऊ. इकडे शहरातल्या एका क्लिनिकने सांगितलं की आम्हीही तेच करतो, स्टेम सेलची इंजेक्शनं घ्या. सासूबाई माझ्या सख्ख्या आत्याच. त्या कुठेतरी ऐकून आल्या की मायटोकॉन्ड्रिया आईकडून येतात, म्हणून ‘दोष तुझ्याच रक्तात’ असं येताजाता बोलतात. आम्हाला दुसरं मूल हवं आहे, पण भीती वाटते. काय करू?
– एक आई, सोलापूर जिल्हा

प्रिय ताई,

तुमचा पहिला प्रश्न औषधाचा आहे, पण मी सुरुवात सासूबाईंच्या वाक्यापासून करते. ते वाक्य चूक आहे, आणि ते का चूक आहे हे समजलं की औषधाचं अर्धं उत्तर मिळतं.

मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीतली ऊर्जा तयार करणारी केंद्रं. त्यांच्याकडे स्वतःची छोटी जनुकसंपदा असते, फक्त ३७ जनुकांची, आणि ती खरोखरच आईकडूनच येते. पण मायटोकॉन्ड्रियाला लागणारी प्रथिनं हजाराहून अधिक आहेत. त्यांतली १३ सोडली तर बाकी सगळ्यांची जनुकं पेशीच्या केंद्रकात, आपल्या नेहमीच्या गुणसूत्रांवर असतात. ती आई आणि वडील दोघांकडून येतात. सर्फ१ हे जनुक नवव्या गुणसूत्रावर आहे. तुमच्या मुलीला हा आजार झाला कारण तिला त्या जनुकाची बिघडलेली एक प्रत तुमच्याकडून आणि एक तुमच्या यजमानांकडून मिळाली. दोघांकडे दुसरी प्रत चांगली आहे, म्हणून दोघेही धडधाकट आहात. आते-मामे भावंडांच्या लग्नात दोघांकडे एकच बिघडलेली प्रत असण्याची शक्यता वाढते, कारण ती एकाच आजी-आजोबांकडून उतरलेली असू शकते. तसं असेल तर ती तुमच्या वडिलांकडून तुमच्यापर्यंत आली आणि त्यांच्या बहिणीकडून, म्हणजे सासूबाईंकडून, तुमच्या यजमानांपर्यंत. मी हे त्यांच्यावर उलटवण्यासाठी सांगत नाही. आपल्या प्रत्येकाच्या अंगात अशा काही बिघडलेल्या प्रती असतात आणि कुणीही त्या मागून घेतलेल्या नसतात. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना आत्याबाईंना सोबत न्या आणि हे त्यांना डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या. तुमच्यावर आधीच पुरेसं ओझं आहे.

आता औषध. ली सिंड्रोम हे एका आजाराचं नाव वाटतं, पण ते मेंदूवर दिसणाऱ्या एकाच प्रकारच्या परिणामाचं नाव आहे. डेनिस ली या ब्रिटिश डॉक्टरांनी १९५१ मध्ये त्याचं पहिलं वर्णन केलं. मेंदूच्या खोल भागात आणि मेंदूच्या देठात दोन्ही बाजूंना सारखेच डाग दिसतात. तिथवर पोहोचणाऱ्या वाटा मात्र शंभराहून अधिक आहेत, कारण शंभराहून अधिक जनुकांतल्या बिघाडांमुळे हे होऊ शकतं. विहिरीवरची मोटर पाणी खेचत नाही म्हटल्यावर स्टार्टर गेलाय, केबल तुटलीय की विहीरच आटलीय हे आधी पाहावं लागतं. विहीर आटलेली असताना नवा स्टार्टर आणून उपयोग नाही. तसंच हे.

दिरांनी सांगितलेलं व्हायग्रा म्हणजे सिल्डेनाफिल. त्यावरचं काम खरं आहे आणि महत्त्वाचंही आहे. ड्युसेलडॉर्फच्या हाइनरिख हाइने विद्यापीठातले अलेस्सांद्रो प्रिजिओने आणि बर्लिनच्या शारिते रुग्णालयातले मार्कुस शुल्के यांच्या गटांनी रुग्णांच्या पेशींपासून चेतापेशी तयार केल्या आणि त्यांवर आधीपासून माहीत असलेली औषधं तपासली. २०१७ मध्ये त्यांना अव्हानाफिल हे सिल्डेनाफिलच्याच जातीचं औषध सापडलं होतं. पुढे साडेपाच हजारांहून अधिक औषधं चाळली तेव्हाही हीच जात पुढे आली. मग सिल्डेनाफिल मोजक्या रुग्णांना देऊन पाहिलं आणि त्यांच्यात सुधारणा दिसली. सिल्डेनाफिल निवडण्यामागे कारण होतं: ते काही तान्ह्या बाळांना फुप्फुसातल्या रक्तदाबासाठी आधीपासूनच दिलं जातं, त्यामुळे लहान मुलांतल्या वापराचा अनुभव डॉक्टरांच्या गाठीशी आहे.

पण ज्या पेशींवर हे औषध शोधलं, त्या एमटी-एटीपी६ या जनुकात बिघाड असलेल्या रुग्णांच्या होत्या. ते जनुक मायटोकॉन्ड्रियाच्या स्वतःच्या ३७ जनुकांपैकी एक आहे, आईकडून येणारं. तिथे ऊर्जानिर्मितीची शेवटची पायरी अडते आणि मायटोकॉन्ड्रियाच्या पडद्यावर विद्युतभार नको तितका साचतो. सिल्डेनाफिलने तो भार खाली आला. तुमच्या मुलीच्या पेशीत बिघाड त्याआधीच्या पायरीवर आहे. सर्फ१ प्रथिनाशिवाय सायटोक्रोम सी ऑक्सिडेज नावाचं यंत्र नीट जुळतच नाही, म्हणजे तिथे भार साचण्याऐवजी तयारच कमी होतो. एका बिघाडात उपयोगी पडलेली गोळी दुसऱ्या बिघाडात उपयोगी पडेल असं त्या कामातून सिद्ध होत नाही. आणि सिल्डेनाफिलने रक्तदाब उतरतो. गिळायला त्रास होणाऱ्या, अशक्त चार वर्षांच्या पोरीला तालुक्याच्या मेडिकलमधून आणून ते देऊ नका. कुणीही सांगितलं तरी देऊ नका. तुमच्या न्यूरॉलॉजिस्टशी मात्र यावर जरूर बोला.

तुमच्या मुलीच्या जनुकावरही काम झालं आहे आणि ते प्रयोगशाळेतल्या ‘मेंदू’वरच झालं आहे. बातमीत न मावणारी गोष्ट मला जरा सविस्तर सांगू द्या, कारण तुमच्यासारख्या आईला ती समजण्याचा हक्क आहे.

मेंदू वाढवला असं बातम्या म्हणतात. खरं तर तो मेंदू नसतो. रुग्णाच्या त्वचेचा छोटा तुकडा किंवा थोडं रक्त घेतात. जपानच्या शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या साध्या पेशींना पुन्हा मूळपेशींसारखं, म्हणजे कुठलीही पेशी होऊ शकणाऱ्या स्टेम सेलसारखं, करण्याची रीत दाखवली. त्यासाठी त्यांना २०१२ चं नोबेल मिळालं. त्या रीतीने त्वचेच्या पेशीला मागे नेतात आणि मग तिला चेतापेशी व्हायला लावतात. २०१३ मध्ये व्हिएन्नात मॅडलिन लँकॅस्टर आणि युर्गन क्नोब्लिख यांनी दाखवलं की या पेशींना मऊ जेलमध्ये ठेवून द्रावणात फिरत वाढू दिलं, तर त्या स्वतःहून थर रचतात आणि गर्भाच्या मेंदूतल्या रचनांसारखं काही तयार करतात. काही महिन्यांनी मिळतो तो जेमतेम चार मिलिमीटरचा गोळा. त्याला ऑर्गनॉइड म्हणतात. त्यात विचार नाही, वेदना जाणवेल अशी शरीराशी जोडणी नाही. पण त्यात आहेत त्या पेशी त्याच मुलाच्या असतात, तोच जनुकीय बिघाड घेऊन आलेल्या.

इतका खटाटोप कशासाठी, उंदरांवर औषध तपासून पाहिलं तर चालत नाही का, असं तुमच्या मनात येईल. सर्फ१ च्या बाबतीत उंदीर उपयोगी पडत नाही. इटलीतल्या मास्सिमो झेवियानी यांच्या गटाने उंदरांमधलं हे जनुक पूर्ण काढून टाकलं. त्या उंदरांना तुमच्या मुलीसारखा मेंदूचा आजार झालाच नाही. उलट, २००७ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलं की हे उंदीर नेहमीच्या उंदरांपेक्षा जास्त जगले! म्हणजे ज्या प्राण्यावर औषध तपासायचं, त्याला आजारच नाही. गेल्या कित्येक वर्षांत या आजारावर औषध का निघालं नाही, यामागचं हे एक मोठं कारण आहे, आणि माणसाच्या पेशींपासून केलेल्या या चार मिलिमीटरच्या गोळ्याला एवढं महत्त्व का, हेही यातूनच कळतं.

२०२१ मध्ये प्रिजिओने यांच्या गटाने सर्फ१ च्या रुग्णांच्या पेशींपासून असे ऑर्गनॉइड केले. तोवर समज असा होता की चेतापेशी नीट घडतात आणि नंतर ऊर्जा कमी पडून मरतात. या कामात दिसलं ते वेगळं. चेतापेशी घडतानाच अडतात. साखरेवर जगणारी कच्ची पेशी पक्की होताना मायटोकॉन्ड्रियावर चालायला लागते. सर्फ१ नसेल तर तिला तो बदल जमत नाही, ती कच्चीच राहते, फांद्या कमी फुटतात. बिघडलेल्या जनुकाची चांगली प्रत पेशीत घातली तर हे सुधारलं. बेझाफायब्रेट या कोलेस्टेरॉलच्या जुन्या औषधानेही फरक पडला. पुढच्या कामात लक्झेंबर्गच्या शास्त्रज्ञांसोबत संगणकाच्या मदतीने औषधं शोधली. त्यातून टॅलारोझोल आणि सर्टाकोनाझोल ही दोन नावं पुढे आली. सर्फ१ च्या ऑर्गनॉइडमध्ये त्यांनी लॅक्टेट, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया नीट चालत नसले की साचणारा पदार्थ, कमी झालं आणि वाढ सुधारली.

यातलं सर्टाकोनाझोल तुम्ही पाहिलं असेल. गजकर्णावरच्या मलमात ते असतं. ते त्वचेवर लावायचं औषध आहे, पोटात द्यायचं नाही. टॅलारोझोल बाजारात नाही. ते शरीरात अ जीवनसत्त्वापासून बनणाऱ्या रेटिनोइक आम्लाचं विघटन रोखतं. हे वाचून कुणीतरी नक्की म्हणेल की मग मुलीला अ जीवनसत्त्वाचे डोस वाढवा. तसं करू नका. लहान मुलांत अ जीवनसत्त्व जास्त झालं तर मेंदूवरचा दाब वाढतो आणि यकृताला इजा होते.

त्या चार मिलिमीटरच्या गोळ्यात रक्तवाहिन्या नाहीत, म्हणून तो मोठा होऊ लागला की आतल्या पेशी अन्न-ऑक्सिजनविना मरतात. त्याच्याभोवती यकृत नाही, पोट नाही, रक्त आणि मेंदू यांच्यामधली भिंत नाही. डिशमध्ये थेट पेशीवर पडणारं औषध तोंडाने दिल्यावर मेंदूपर्यंत किती पोहोचेल, हे तो सांगू शकत नाही. वयानेही तो गर्भाच्या मेंदूसारखा आहे. तुमची मुलगी चार वर्षांची आहे. घडणीत जे अडलं ते चार वर्षांनी किती सुटेल, याचं उत्तर माणसांवरच्या चाचण्यांशिवाय मिळणार नाही. मला या कामाबद्दल मनापासून आदर आहे. या मुलांच्या चेतापेशींना आता थेट प्रश्न विचारता येत आहेत. पण सर्फ१ पुरतं आज त्यातून मिळालेली उत्तरं उमेदवार औषधांची आहेत, उपचाराची नाहीत.

म्हणून जमीन विकू नका. बर्लिनला किंवा ड्युसेलडॉर्फला नेऊन आज सर्फ१ साठी मिळेल असं सिद्ध औषध नाही, आणि तुमच्या मुलीला इतका लांब विमानप्रवास झेपेल का हा प्रश्न वेगळाच. माणसांवरची रीतसर चाचणी सुरू झाली आणि त्यात सर्फ१ ची मुलं घेणार असतील, तर त्यासाठी तुम्हाला पैसे मागितले जाणार नाहीत. चाचणीत भाग घ्यायला लाखो रुपये मागणारा माणूस चाचणी करत नसतो, हे यजमानांना माझ्यातर्फे सांगा.

आणि त्या शहरातल्या क्लिनिकबद्दल स्पष्ट बोलते. ते ‘तेच’ करत नाहीत. जर्मनीतल्या कामात कुठल्याही मुलाच्या अंगात स्टेम सेल सोडलेल्या नाहीत. तिथे पेशी डिशमध्ये राहतात आणि औषध तपासायला वापरतात. इंजेक्शनने सोडलेली स्टेम सेल मेंदूत जाऊन प्रत्येक पेशीतलं सर्फ१ दुरुस्त करेल, असा कुठलाही पुरावा नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की रक्ताचे काही ठरावीक आजार सोडता स्टेम सेलचा वापर मान्यताप्राप्त चाचणीबाहेर उपचार म्हणून करायचा नाही. त्या पैशात मुलीची फिजिओथेरपी काही वर्षं होईल.

मग आज काय करायचं? आधी तो जनुकाचा रिपोर्ट पुन्हा काढा. सर्फ१ समोर ‘रोगकारक’ लिहिलंय की ‘अनिश्चित अर्थाचा बदल’, हे पाहा. अनिश्चित असेल तर निदान अजून पक्कं नाही, आणि याला फार महत्त्व आहे. कारण एमआरआयवर ली सिंड्रोमसारखेच दिसणारे काही आजार औषधाने सुधारतात. एसएलसी१९ए३ या जनुकाच्या बिघाडात बायोटिन आणि थायमिन ही साधी जीवनसत्त्वं मोठ्या मात्रेत दिल्यावर मुलं अक्षरशः उठून बसल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत. निदान पक्कं नसेल तर ही दोन जीवनसत्त्वं देऊन पाहिली आहेत का, हे डॉक्टरांना विचाराच. मुंबईचं केईएम रुग्णालय केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणाखालचं उत्कृष्टता केंद्र आहे. तिथे सगळी फाइल घेऊन एकदा जा. सोलापूरहून मुंबई बर्लिनपेक्षा पुष्कळ जवळ आहे. त्या धोरणाखाली ठरावीक आजारांसाठी आर्थिक मदतही मिळते. तुमच्या बाबतीत काय लागू होतं ते तिथेच कळेल. मायटोकॉन्ड्रियाच्या आजारांवर हैदराबादची सीसीएमबी ही पेशी आणि जनुकांवर संशोधन करणारी संस्था आणि बेंगळुरूचं निम्हान्स हे मेंदूच्या आजारांचं रुग्णालय इथेही बरीच वर्षं काम चाललं आहे.

घरात सगळ्यात जास्त जपायचं ते तापाला. तुम्हीच लिहिलंय की चालणं तापानंतर गेलं. या मुलांच्या पेशींकडे ऊर्जेची शिल्लक नसते. तापात गरज वाढते, खाणं कमी होतं, आणि मेंदूला ऊर्जा कमी पडते. म्हणून तिला उपाशी ठेवायचं नाही; ताप आला, उलट्या झाल्या, दोन वेळा खाल्लं नाही तर घरी वाट न पाहता ग्लुकोजच्या सलाइनसाठी दवाखाना गाठायचा. तालुक्याच्या दवाखान्यात ली सिंड्रोम हे नाव कुणी ऐकलेलं नसेल, यात त्यांची चूक नाही. म्हणून तुमच्या न्यूरॉलॉजिस्टकडून एका कागदावर लिहून घ्या: आजाराचं नाव, ग्लुकोज लगेच चालू करायचं, आरएल (रिंगर लॅक्टेट) सलाइन बरेच तज्ज्ञ या आजारात टाळतात म्हणून ते द्यायचं की नाही, झटके आले तर कुठलं औषध चालेल आणि सोडियम व्हॅल्प्रोएट टाळायचं का, भूल द्यायची वेळ आली तर काय काळजी घ्यायची. त्याची झेरॉक्स सगळ्यांच्या पाकिटात ठेवा. आत्याबाईंच्याही.

गिळताना ठसका लागतो हे तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात, पण मला त्याचीच सगळ्यात जास्त काळजी वाटली. घास श्वासनलिकेत गेला की न्यूमोनिया होतो आणि न्यूमोनिया या मुलांचा मोठा शत्रू आहे. गिळण्याची तपासणी करून घ्या. नाकातून किंवा पोटातून नळी घालायला सांगितली तर तो पराभव समजू नका. त्या नळीने पोटभर अन्न जाईल आणि तापातही उपास घडणार नाही. झोपेत श्वास थांबतो का हे रात्री पाहा, थांबत असेल तर मोबाइलवर व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा. लसी चुकवू नका.

दुसऱ्या मुलाबद्दल तुमची भीती बरोबर आहे, पण तिच्यावर इलाज आहे. तुमच्या दोघांची सर्फ१ ची तपासणी आधी करून घ्या. दोघेही वाहक, म्हणजे एक बिघडलेली प्रत बाळगणारे, असाल तर दर गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, म्हणजे चारात एक, आणि न होण्याची चारात तीन. मुलीच्या रिपोर्टमधला बदल पक्का रोगकारक असेल, तर ११ ते १३ आठवड्यांच्या दरम्यान वारेचा नमुना घेऊन बाळात तो आहे का हे तपासता येतं. ही तपासणी नोंदणीकृत केंद्रातच होते. दिवस राहण्याच्या आधीच जनुकीय समुपदेशकाला भेटा, कारण तपासणीची तयारी करायला वेळ लागतो. ब्रिटनमध्ये दुसऱ्या स्त्रीचे मायटोकॉन्ड्रिया वापरून बाळं जन्मल्याच्या बातम्या आल्या होत्या. दिरांनी तीही पाठवली तर एवढंच लक्षात ठेवा की ती पद्धत आईकडून येणाऱ्या ३७ जनुकांसाठी आहे. सर्फ१ साठी तिचा उपयोग नाही.

तुम्ही विचारलेलं नाही तरी सांगते. दिरांना जर्मनीत राहून मदत करायची असेल तर औषध पाठवायला सांगू नका. त्यांना त्या संशोधन गटांना आणि रुग्णसंघटनांना एक साधं पत्र लिहायला सांगा: सर्फ१ ची चार वर्षांची रुग्ण भारतात आहे, पुढे रुग्णनोंदणी किंवा चाचणी सुरू झाली तर कळवा. आणि कधी इथल्या किंवा तिथल्या एखाद्या मान्यताप्राप्त संस्थेने संशोधनासाठी मुलीच्या त्वचेचा नमुना मागितला, तर त्यावर शांतपणे विचार करा. द्यायलाच हवा असं नाही, आणि दिल्याने तिला लगेच औषध मिळेल असंही नाही. संमतिपत्र मराठीत मागा. पेशी कुठे ठेवणार, किती वर्षं, त्यापासून मूळपेशी तयार करणार का, परदेशात पाठवणार का, आणि नंतर मन बदललं तर संमती परत घेता येईल का, हे त्यात लिहिलेलं असायला हवं. लिहिलेलं नसेल तर सही करू नका, ते लिहून आणा असं सांगा.